यंत्र दिले, शिकवणार कोण?

‘अडॅप्ट’ या संस्थेचे कौशल्य विकास केंद्र चेंबूरमध्ये आहे. डॉ. मिथू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत सुरू केलेली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ती हीच. दिव्यांगाला उपकरणाबरोबर शिकवणारा माणूसही लागतो, हे अशा केंद्रांत काम करणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे. सरकारी योजनांचा भर मात्र अजूनही वाटपावरच आहे.

सेरेब्रल पाल्सीमुळे हातांवर ताबा नसलेला तरुण संगणकावर लिहितो कसा? पडद्यावर अक्षरांच्या ओळींवरून एक चौकट सरकत जाते. हवी ती ओळ आली की तो एक मोठे बटण दाबतो. त्या ओळीतले अक्षर आले की पुन्हा दाबतो. बटण हनुवटीजवळ बसवायचे की गुडघ्याजवळ, चौकट किती सावकाश सरकवायची, खुर्चीत पाठ कशी टेकवायची, हे प्रत्येकासाठी निराळे ठरवावे लागते. वेग जरा वाढला की अक्षर हुकते. चार वेळा हुकले की मुलगा नाद सोडतो आणि घरचे म्हणतात, ‘याला नाही जमायचे.’ न जमलेले असते ते शिकवणे.

अंधांसाठी ‘एनव्हीडीए’ हा पडदावाचक फुकट मिळतो, मराठीही वाचतो. माउसविना नुसत्या कळफलकावर काम करायला शिकवणारे कोणी नसेल, तर त्या फुकटपणाचा उपयोग काय?

डॉ. अलूर यांची कन्या मालिनी चिब यांनी एका बोटाने टंकलेखन करत आत्मकथन लिहिले, लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या. त्यांच्या जिद्दीला घरचे आणि तज्ज्ञांचे पाठबळ होते. गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांतल्या मुलाला ते कोण देणार?

केंद्र सरकारची ‘एडिप’ योजना १९८१ पासून दिव्यांगांना उपकरणे देते. राज्यात २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. या विभागाने आणि महापालिकेने प्रत्येक उपकरणामागे प्रशिक्षणाचे तास आणि त्यांचा खर्च मंजूर करावा. सुरुवात चेंबूरच्या एम-पश्चिम विभागातून करता येईल. पालिका शाळांतले संगणक कक्ष सुटीच्या दिवशी उघडावेत, शेजारच्या देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची मदत घ्यावी. स्वतः उपकरण वापरणाऱ्या दिव्यांगांनाच प्रशिक्षक नेमावे, तेही मानधन देऊन. त्यांच्याइतके नेमके दुसरे कोण शिकवणार? आणि किती उपकरणे वाटली या आकड्याशेजारी, वर्षभरानंतर त्यांतली किती वापरात आहेत हा आकडाही दरवर्षी जाहीर करावा.