घरातले ऑफिस आणि खिडकीतली हवा

घरून काम करण्याची पद्धत रुळल्यापासून इंग्लंडमध्ये एक नवी खरेदी जोरात आहे. परसबागेत लाकडी खोली बसवायची, वीज आणि इंटरनेट जोडायचे आणि सकाळी चहा घेऊन तिथे कामाला जायचे. कल्पना तशी जुनी आहे. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांची बागेतली लेखनखोली तर फिरत्या पायावर बसवलेली होती, ऊन जिकडे असेल तिकडे ती वळवता येई. वरवर ही हौस वाटते, पण त्यामागे तीन सरळ गरजा आहेत : उजेड, ताजी हवा आणि घरच्या गडबडीपासून थोडे अंतर.

वरळीच्या बीडीडी चाळीत बाग कोणाच्याच वाट्याला आली नाही. १९२०च्या दशकात सरकारी विकास खात्याने बांधलेल्या या तीन मजली चाळींत प्रत्येकी ८० खोल्या. एक खोली १६० चौरस फुटांची, शौचालय सामाईक, मधोमध लांब अंधारी मार्गिका. गिरणीच्या पाळ्या होत्या तोवर ही जागा जणू पाळीपाळीनेच वापरली जाई. २०२०च्या टाळेबंदीने सगळ्यांना एकाच वेळी आत बसवले. एकाची शाळा मोबाइलवर, दुसऱ्याचे ऑफिस कॉटवर, आणि शेजारी कुकरची शिट्टी.

तरीही चाळीने जागेच्या टंचाईवर एक उत्तर फार पूर्वीच शोधले होते. वरळीचा सुदाम काळू अहिरे मार्ग ‘अभ्यास गल्ली’ म्हणूनच ओळखला जातो. घरात जागा नसलेली चाळीतली मुले तिथे दिव्याखाली बसून परीक्षेचा अभ्यास करीत. मोकळी हवा, शांतता, शेजारी अभ्यास करणारे दुसरे कोणी. बागेतले ऑफिस याहून वेगळे काय देते?

आता चित्र बदलते आहे. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीतील पुनर्विकासाच्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या रहिवाशांना मिळाल्या. घर ५०० चौरस फुटांचे, दोन शयनखोल्यांचे. त्यातली छोटी खोली ‘वर्क फ्रॉम होम’साठी ठेवण्याचा मोह साहजिक आहे. मग तिथे टेबल येते, भिंतभर कपाट येते, मीटिंगचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दार लागते आणि एसी लावला की खिडकीही बंद होते. खरी अडचण इथे सुरू होते.

साधा हिशेब करून पाहावा. १०० चौरस फुटांच्या, नऊ फूट उंचीच्या खोलीत सुमारे २५ घनमीटर हवा मावते. बसून काम करणारा प्रौढ माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे खोली घट्ट बंद असेल तर तासाभरात या वायूचे प्रमाण दहा लाखांत सातशे भागांनी वाढते. बाहेरच्या हवेत ते सव्वाचारशेच्या आसपास असते. दोन तासांची मीटिंग संपेपर्यंत आकडा अठराशेवर जाऊ शकतो. दारांच्या फटींमुळे प्रत्यक्षात तो थोडा कमी भरेल, इतकेच. स्प्लिट एसी तीच हवा गार करून फिरवतो, बाहेरची आणत नाही. दुपारी डोके जड होते, जांभया येतात आणि दोष जेवणाला दिला जातो. हार्वर्डच्या संशोधकांनी २४ कर्मचाऱ्यांवर केलेल्या आणि २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा हवेत निर्णयक्षमतेचे गुण घसरले होते. नंतरच्या सर्व प्रयोगांत तसे दिसले नाही, त्यामुळे बुद्धीवरील परिणामाचा वाद मिटलेला नाही. पण कोंदट खोलीत दुसऱ्याने सोडलेला श्वास आपल्या वाट्याला येतो आणि क्षयासारखे हवेतून पसरणारे आजार तिथे फावतात, याबद्दल वाद नाही.

नव्या फर्निचरचा वास हाही शुभशकुन नव्हे. प्लायवूड आणि पार्टिकल बोर्डच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे हा त्याचा तात्काळ त्रास. दीर्घकाळ व अधिक प्रमाणात संपर्क आल्यास तो कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. सुताराला रंगाची छटा विचारण्याआधी कमी उत्सर्जनाचे प्लाय आहे का, हे विचारावे. काम झाल्यावर काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि कपाट खिडकीसमोर तर मुळीच उभे करू नये. टेबल खिडकीला काटकोनात ठेवले की उजेड मिळतो आणि पडद्यावर चकाकी येत नाही. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तके आणि वेगळा कीबोर्ड एवढ्याने मानेचे निम्मे दुखणे टळते. महागड्या खुर्चीचा विचार नंतर करावा.

डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस फूट दूर पाहावे, असे सांगतात. चाळीच्या खोलीत वीस फूट मिळणे कठीण होते, नव्या छोट्या खोलीतही ते मिळणार नाहीत. खिडकीतूनच पाहावे लागेल.

आणि छोटी खोली एक असली तरी काम करणारे दोघे-तिघे असतात. दार बंद करण्याचा मान बहुधा घरातल्या पुरुषाला मिळतो. सुनेचा लॅपटॉप ओट्याच्या कडेला जातो. हा प्रश्न पाचशे चौरस फुटांत सुटणारा नाही. म्हणून नव्या इमारतींच्या सोसायट्यांनी पहिल्या वर्षीच एक सामाईक अभ्यासिका मागून घ्यावी : समोरासमोर खिडक्या असलेली, भरपूर प्लगची, फोनवर बोलण्यासाठी वेगळा कोपरा असलेली आणि रात्रीही उघडी. अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्याला आणि बारावीच्या मुलीला ती एकाच वेळी लागणार आहे. सोसायटीच्या कार्यालयासाठी खोली निघते, तशी हिच्यासाठीही निघू शकते; मात्र सामाईक जागांचे वाटप एकदा ठरून गेले की ती मागून मिळवणे अवघड होईल.