गोऱ्ह्याच्या वाट्याचं पाणी
गवळाऊ बैलजोडीचं कौतुक देवळीत कोणाला सांगायला नको. पण गोऱ्हा? ‘दूध पितो, त्याला पाणी कशाला?’ कृषी पदवी घेऊन मीही असंच म्हणत होतो. सडाला लागलं की वासराच्या पोटातली पन्हळ मिटते, दूध थेट चौथ्या कोठ्यात उतरतं. पहिला कोठा कोरडा. चारा पचवणारे जिवाणू तिथे पाण्यावाचून वाढत नाहीत. उन्हाळ्यात गाय आटते, तेव्हा दोन महिन्यांचं वासरू ती तूट गवतावर भरून काढू शकत नाही. दुधाला भाव नाही म्हणून चारही सड पिळायचे, म्हणजे सरकारची थकबाकी वासराकडून वसूल करायची! एक सड सोडा. आणि हौद गाईच्या उंचीचा असतो. वासराला पाण्याचं घमेलं वेगळं ठेवा.