मूल अपूर्णांकात मोजू नका

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने आम्हाला शाळेच्या वाटचालीवर लिहिण्यास सुचविले होते. वाटचालीचा आढावा इतर लेखांतून येईलच. आम्ही येथे आमच्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी आणि त्या चुकीने समोर आणलेल्या एका प्रश्नाविषयी लिहीत आहोत. माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे तो मांडण्यास याहून योग्य जागा आम्हाला दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात पाचवीच्या प्रवेशाचे काम आमच्याकडे होते. पालघर तालुक्यातील एका पाड्यावरच्या वारली भगिनी मुलाला घेऊन आल्या. मुलाचे वडील बिहारचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आले, बोईसरला भाड्याची खोली घेतली, संसार मांडला आणि एके दिवशी गावी गेले ते परतलेच नाहीत. अर्जातील जातीच्या रकान्याशी आमचे पेन थांबले. इतर पालक रांगेत उभे असताना आम्ही मोठ्याने विचारले, “आईची लिहायची की बापाची? याला नक्की काय समजायचे?” त्या बाई खाली पाहू लागल्या. मुलगा मात्र शांतपणे म्हणाला, “सर, जी जागा रिकामी असेल ती लिहा.”

रांगेतील कोणीतरी हसले. दुसऱ्या कोणीतरी एक शब्द उच्चारला : “धेडगुजरी.” बोलणारे गृहस्थ आपल्याच समाजाचे होते. त्या शब्दाच्या पूर्वार्धात आपल्याच वाडवडिलांना हासडली जाणारी शिवी दडलेली आहे, हे त्यांच्या ध्यानीही नसावे. आम्ही त्यांना टोकले नाही. कसे टोकणार? सुरुवात तर आमच्याच प्रश्नाने झाली होती.

त्या दिवसापासून आम्ही अशा शब्दांकडे लक्ष देऊ लागलो. ‘बाटगा’, ‘संकराचा’ हे शब्द परिचितच आहेत. तोळ्याचे मासे बारा. अकरा माशांचे सोने म्हणजे एक मासा कमी असलेले सोने. यावरून विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाला ‘अक्करमाशी’ म्हणण्याची रीत पडली. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली हाच शब्द आपल्या आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर छापला आणि समाजाने दिलेली शिवी समाजालाच परत केली. सोनाराचा काटा माणसाच्या लेकराला लावण्याची ही खोड जुनी आहे आणि ती केवळ आपल्या भाषेत आहे असेही नाही.

आपल्या प्रार्थनागृहातील बुद्धमूर्ती थायलंडच्या उपासकांनी दिलेली आहे. वर्षावास, कठिन चीवरदान यांची चर्चा निघाली की आपण त्या देशाचा दाखला आदराने देतो, आणि ते योग्यही आहे. पण त्याच देशात परदेशी पिता आणि थाई माता यांच्या अपत्याला ‘लूक ख्रुंग’ म्हणतात. लूक म्हणजे अपत्य आणि ख्रुंग म्हणजे अर्धे. आपण अकरा मासे मोजले, त्यांनी अर्धे मोजले.

या शब्दाचा गेल्या साठ वर्षांतील प्रवास बोधप्रद आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेने थायलंडमध्ये उदोन थानी, कोरात, उतपाओ अशा ठिकाणी हवाई तळ चालविले. ऐन भरात सुमारे पन्नास हजार अमेरिकन सैनिक त्या देशात होते. १९७६ पर्यंत ते परतले. अनेकांची मुले मागे राहिली. या मुलांच्या आईकडे वेश्या म्हणून पाहिले जाई आणि मुलांना शाळेत चिडविले जाई. ज्यांचे वडील कृष्णवर्णीय होते, त्यांचे हाल अधिक झाले, कारण त्यांचा वर्णच त्यांची कथा सर्वांना सांगत असे. पुढे काळ पालटला. १९९० नंतर त्याच देशातील जाहिराती, मालिका आणि चित्रपट गोऱ्या वर्णाच्या, युरोपीय चेहऱ्याच्या लूक ख्रुंग तरुण-तरुणींनी भरून गेले. हिणवण्याचा शब्द मिरवण्याचा झाला. गोल्फपटू टायगर वुड्स याची आई थाई आणि वडील कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक. १९९७ साली तो स्पर्धेसाठी बँकॉकला गेला, तेव्हा घरचा मुलगा आल्यासारखे त्याचे स्वागत झाले. त्याच्यासारख्याच वर्णाची जी मुले तळांच्या आसपासच्या गावांत वाढली होती, त्यांच्या वाट्याला असे स्वागत आले नव्हते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हाला यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. समाजाला मिश्रणाचा तिटकारा असतो, हे पुरते खरे नाही. मिश्रणात कोणाचा वाटा किती वजनदार आहे, हे समाज पाहतो. बाप गोरा, श्रीमंत किंवा कीर्तिमान असेल तर अपत्य देखणे ठरते. बाप निघून गेलेला आणि आई गरीब असेल तर तेच अपत्य अर्धे ठरते.

हा हिशेब मनुस्मृतीने आपल्याला फार पूर्वी शिकविला आहे. ब्राह्मण पिता आणि वैश्य माता यांचा पुत्र अंबष्ठ. तो कमी प्रतीचा, पण चालण्याजोगा. शूद्र पिता आणि ब्राह्मण माता यांचा पुत्र मात्र चांडाळ, मनुष्यांतील सर्वांत अधम. मिश्रण दोन्हीकडे आहे. अनुलोम सोसायचे आणि प्रतिलोम चिरडायचे, एवढाच फरक. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हा ग्रंथ जाळला गेला. ग्रंथ जळाला, त्यातील तराजू मात्र आपल्या घराघरांत अद्याप टांगलेला आहे.

आपल्या जिल्ह्याला याची वेगळी साक्ष देण्याची गरज नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारसाठी सिमिंग्टन या अधिकाऱ्याने आदिवासींच्या स्थितीचा अहवाल लिहिला. जंगलपट्टीतील जमीनदार आणि सावकार आदिवासी कुळांच्या स्त्रियांवर आपला हक्क समजत आणि त्यातून जन्मलेल्या संततीची ‘वटला’ नावाची जणू वेगळी जातच झाली होती, अशी नोंद त्यात आहे. १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, त्यामागे हीही जखम होती. लक्षात घ्या, त्या मुलांवर वेगळे नाव चिकटले. त्यांच्या बापांना मात्र कोणी वेगळे नाव दिले नाही. जमीनदार जमीनदारच राहिला.

आजच्या बोईसर-तारापूरकडे पाहू. १९६९ साली अणुऊर्जा केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि देशाच्या सर्व दिशांनी माणसे येथे आली. अवधनगर, भैयापाडा ही वस्त्यांची नावेच ती कहाणी सांगतात. या मिसळणीतून संसार उभे राहणारच. अधिकाऱ्यांच्या वसाहतीतील मुलाची आई मल्याळी आणि वडील बंगाली असतील तर आपण कौतुकाने म्हणतो, “वा, घरात तीन भाषा!” चाळीतील मुलाची आई वारली आणि वडील बिहारी असतील तर आपण विचारतो, “हा नक्की कोणाचा?” दुसरे मूलही घरी तीन भाषा ऐकते : आईची वारली, वडिलांची भोजपुरी आणि शाळेची मराठी. त्याच्या तीन भाषांना कोणी वा म्हणत नाही.

तथागतांपुढे हा प्रश्न आला होता. मज्झिमनिकायातील अस्सलायन सुत्तात वर्णश्रेष्ठत्वाचा अभिमान बाळगणाऱ्या तरुण ब्राह्मणाला ते विचारतात : घोडी आणि गाढव यांच्या संयोगातून खेचर जन्मते, ते दोहोंहून वेगळे दिसते, पण क्षत्रिय आणि ब्राह्मण यांच्या अपत्यात तुला असा कोणता भेद दिसतो? उत्तर उघड आहे. मनुष्याची जात एकच असल्यामुळे तिच्यात खेचर जन्मत नाही. पुढे तेथेच असाही प्रश्न येतो की आपल्या आईच्या आईपासून सात पिढ्यांमागे कोण कोणाकडे गेले होते, हे कोणाला तरी ठाऊक आहे काय? शुद्ध कुळाचा दावा करणाऱ्या प्रत्येकाने या प्रश्नापाशी क्षणभर थांबावे.

धम्मपदाच्या अट्ठकथेतील विडूडभाची कथा आपण मुलांना क्वचितच सांगतो. कोसलराज पसेनदीने शाक्यांकडे कन्या मागितली. कुळाच्या अभिमानी शाक्यांनी महानामाची दासीपासून झालेली मुलगी वासभखत्तिया राजकन्या म्हणून पाठविली. तिचा पुत्र विडूडभ आजोळी गेला, तेव्हा त्याला वंदन करावे लागू नये म्हणून शाक्यांनी वयाने लहान असलेल्या कुमारांना बाहेरगावी धाडले. तो निघून गेल्यावर त्याचे आसन दुधाने धुतले. ही गोष्ट त्याच्या कानी गेली. पसेनदीलाही सत्य कळले आणि त्याने मायलेकांचा मान काढून घेतला. तथागतांनी समजूत घातल्यावर तो परत दिला. या कथेतील समजुतीचा आधार बापाचे कुळ हाच आहे, ही त्या काळाची मर्यादा आपण मान्य करावी. पण दुधाने धुतलेल्या आसनाची किंमत शाक्यांनी आपल्या विनाशाने मोजली, हे विसरू नये. अपमानित मूल मोठे होते आणि त्याला सर्व आठवत असते.

आता आपल्या घरात पाहू. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मर्म स्वजातिविवाहात आहे, असे दाखविले. १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी आंतरजातीय विवाह हाच जातिनाशाचा खरा उपाय सांगितला, कारण रक्त मिसळल्यावाचून आपलेपणा निर्माण होत नाही. १९४८ साली त्यांनी स्वतः शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. महापरिनिर्वाणानंतर आपण माईसाहेबांकडे किती काळ संशयाने पाहिले, हे ज्येष्ठांना आठवत असेल. आजही वधू-वर मेळाव्यांत पंचशील घेऊन झाल्यावर आपण हळूच विचारतो, “घाटावरचे की कोकणातले?” मुलीने मातंग, चर्मकार किंवा आदिवासी तरुणाशी विवाह केला तर घरात महिनोन्‌महिने अबोला असतो. मराठा सून आली तर मात्र पाहुण्यांना आवर्जून सांगितले जाते. हा अनुलोम-प्रतिलोमाचाच हिशेब आहे. केवळ वही आपली आहे.

कोणी म्हणेल, “सर, भावना ठीक, पण रकाना तर भरावाच लागतो. सवलती, शिष्यवृत्ती, दाखले त्यावरच अवलंबून आहेत.” आक्षेप रास्त आहे. ज्यांना जातीमुळे नाकारले गेले, त्यांना जातीच्या नोंदीनेच न्याय मागावा लागतो. आरक्षण हा आपला संविधानदत्त अधिकार आहे. रकाना पुसून टाका असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कायदाही आपल्या समजुतीहून उदार आहे. २०१२ साली रमेशभाई दभाई नायका विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मुलाची जात बापाचीच असते हे गृहीतक अंतिम नाही. अनुसूचित जाती किंवा जमातीतील आईने मुलाला वाढविले, त्याने त्या समाजाचेच जीवन आणि त्याच समाजाची अवहेलना भोगली, असे ते मूल पुराव्याने दाखवू शकते. म्हणजे न्यायालयाने रक्ताच्या मापाहून मूल कोणाच्या मांडीवर वाढले, याला महत्त्व दिले. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव बापाच्या नावाआधी लिहिण्याचा निर्णयही महाराष्ट्र शासनाने घेतला आहे. त्या दिवशी न्यायालयाच्या निकालाची माहिती आम्ही त्या भगिनींना द्यायला हवी होती. शिक्षकाचे काम मार्ग दाखविण्याचे होते. आम्ही भर रांगेत चौकशी केली.

म्हणून काही साध्या गोष्टी आम्ही सुचवितो. प्रवेशाच्या वेळी जातीची चौकशी बंद दाराआड, मुलाला बाहेर बसवून व्हावी. वर्गात कोणत्याही निमित्ताने जातवार मुले उभी करू नयेत. ज्यांचे आईवडील दोन समाजांचे आहेत, अशा मुलांच्या दाखल्यांसाठी कागदपत्रे जमविण्यास शाळेने एक शिक्षक नेमून द्यावा. निवृत्त होईपर्यंत ते काम आम्ही आनंदाने करू. आमच्या माजी विद्यार्थ्यांत वकील आहेत, तहसील कार्यालयात काम करणारे आहेत. त्यांनी वर्षातील दोन रविवार त्यासाठी द्यावेत. आणि पालकांना विनंती की घरी मुलांसमोर ‘बाटगा’, ‘धेडगुजरी’ हे शब्द उच्चारू नयेत. मुले शिव्या शाळेत शिकतात असे आपण म्हणतो, पण हे शब्द ती घरूनच आणतात.

तो मुलगा आपल्या वसतिगृहात राहूनच दहावी झाला. पुढे त्याने आयटीआय केले आणि आज तो तारापूरच्याच एका कारखान्यात फिटर आहे. वडिलांनी जेथे घाम गाळला, त्याच वसाहतीत त्याचे नाव हजेरीपटावर आहे. ही स्मरणिका त्याच्याही हाती पडेल. त्याला आम्ही एवढेच सांगू इच्छितो : बाळा, त्या दिवशी रांगेत तुझा काहीच दोष नव्हता, चुकलो ते आम्ही. वर्गात तू आमच्यापुढे पाच वर्षे बसलास आणि आम्हाला एकदाही क्षमा मागण्याचे धैर्य झाले नाही. आज सर्वांसमक्ष मागत आहोत, कारण अपमानही सर्वांसमक्ष झाला होता.

जय भीम. नमो बुद्धाय.