खताची बॅग वाचता, मग बिस्किटाचा पुडा का नाही?

शेतकरी बंधूंनो, खताच्या दुकानात तुम्हाला सहजासहजी कुणी फसवत नाही. बॅगवर १०:२६:२६ दिसले की नत्र, स्फुरद, पालाश किती ते तुम्ही उभ्या उभ्या सांगता. सोयाबीनला शेंगा भरताना पाण्याचा ताण बसू द्यायचा नाही, हे लातूर-नांदेडकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. औषधाच्या डब्यावर लाल त्रिकोण दिसला की तो डबा लेकरांच्या हाती लागणार नाही असा वर ठेवता.

पण तोच माणूस मोंढ्यात तूर घालून परत येताना लेकरासाठी बिस्किटाचा पुडा घेतो, तेव्हा मागची बारीक अक्षरे कोण वाचतो?

पिकाच्या अवस्था असतात तशा माणसाच्याही असतात. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध. पावडरच्या डब्यावर ‘आईचे दूधच सर्वोत्तम’ अशा अर्थाची सूचना छापणे १९९२ च्या कायद्याने बंधनकारक आहे. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू होते, आणि घोळ इथेच होतो. चहात बुडवलेले बिस्कीट म्हणजे वरचे अन्न नव्हे. मऊ वरण-भात, तूप घातलेली खिचडी, अंडे चालत असेल तर अंडे, हे द्या.

गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत रोज २२ ग्रॅम प्रथिने जास्त लागतात. १०० ग्रॅम तूरडाळीत साधारण तेवढीच असतात. लातूरची डाळ देशभर जाते, मात्र पिकवणाऱ्याच्या घरी पाण्यासारखे वरण!

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते वयात आलेल्या मुलीकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० चे आकडे पाहा. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीला रोज ३२ मिलिग्रॅम लोह लागते, त्याच वयाच्या मुलाला २६ आणि कर्त्या पुरुषाला १९. आपल्याकडे पंगत नेमकी उलटी बसते. पुरुष आधी जेवतात, मुलगी आईबरोबर शेवटी, उरलेल्यात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी शक्ती’ ही जास्त लोह व जस्त असलेली ज्वारी २०१८ मध्ये दिली. धुऱ्याकडच्या चार ओळी घरच्या भाकरीसाठी पेरायला काय हरकत आहे?

आता पुड्याकडे वळू. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. म्हणजे पहिल्या दोन-तीन नावांत मैदा, साखर, पामतेल आले, तर पुड्यात मुख्यतः तेच आहे. वर गव्हाचे, दुधाचे कितीही मोठे चित्र असू द्या. साखर कधी ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप अशा नावानेही येते. पोषणाचा तक्ता बहुधा १०० ग्रॅमचा असतो, पुडा किती ग्रॅमचा ते वेगळे पाहा. रक्तदाब असलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी सोडियमचा आकडा बघा. त्याला अडीचने गुणले की मीठ निघते. दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ असावे. चौदा आकडी परवाना क्रमांक आणि तारीख नसेल तर पुडा दुकानदाराला परत द्या. अंगणवाडीतून घरी मिळणाऱ्या पाकिटालाही हीच नजर लावा. ते पाकीट म्हशीच्या आंबोणात जाते असेही कानावर येते. चव आवडत नसेल तर तसे ताईंना सांगा, पण ते लेकराच्या वाट्याचे आहे.

वाचायचे म्हणून कुणी पुडा हातात घेतलाच, तर अक्षरे इंग्रजी. नियमाप्रमाणे इंग्रजी किंवा देवनागरीतील हिंदी पुरेशी असते, मराठीची सक्ती नाही. लहान गावाच्या दुकानात सर्वांत जास्त खपतो तो पाच-दहा रुपयांचा पुडा, आणि त्यावरची अक्षरे तर मुंगीएवढी. ही तक्रार सरकारदरबारी गेली पाहिजे आणि लोकप्रतिनिधींनी ती मांडली पाहिजे. पण तोवर थांबायचे कशाला?

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आमची सूचना आहे. अंगणवाडीत पोषण दिन होतो, त्या दिवशी फोटो काढून झाले की गावातल्या दुकानात सर्वांत जास्त खपणारे तीन पुडे आणा. शाळेच्या गुरुजींना त्यांची मागची बाजू मोठ्याने मराठीत वाचायला लावा. आशाताईंनी शेजारी एक वाटी तूरडाळ आणि मूठभर शेंगदाणे ठेवावेत, आणि दोन्हींचे भाव फळ्यावर लिहावेत. त्या दिवशी बाप्येही हजर हवेत, कारण पुडा बहुतेक वेळा तेच आणतात.