लॉन नको, केना चालेल!

पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या लेक्चरमध्ये एक वाक्य हमखास येतं. 'एरोडायनॅमिक्सनुसार बंबलबी उडूच शकत नाही, पण तिला ते माहीत नाही म्हणून ती उडते!' मग टाळ्या. खरं तर चूक माशीची नाही, गणिताची आहे. विमानाच्या स्थिर पंखाचं सूत्र फडफडणाऱ्या पंखाला लावलं की उत्तर चुकणारच. शिवाय बंबलबी ही थंडीतली माशी, भारतात ती मुख्यतः हिमालयात सापडते. आपल्या संभाजीनगरच्या उन्हात भेटतो तो काळा सुतार भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची, एकेकटी राहणारी माशी. त्यांना टाळ्या नकोत, जेवण हवंय.

आणि आपण काय वाढतो? लॉन! कमिटी येणार म्हटलं की होस्टेलमागच्या कडुनिंबांखाली हिरवळ अंथरली जाते. सावलीत गवत धरत नाही, एप्रिलपर्यंत माती उघडी. जायकवाडीहून पंपाने शहरात आणलेलं पाणी त्यावर ओतायचं, आणि त्यात माशीला एक फूलही नाही. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, त्या मराठवाड्यात हे शोभत नाही.

माशीचं एवढं कौतुक कशाला, असं कुणी विचारेल. मेकॅनिकलवाल्यांनी नीट ऐका. वांगी आणि टोमॅटोच्या फुलात पराग मीठदाणीसारखा बंद असतो, टोकाला बारीक छिद्रं. या माश्या फुलाला लटकतात, पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतात आणि त्या व्हायब्रेशनने पराग खाली सांडतो. पोळ्यातल्या मधमाशीला हे जमत नाही. मेसच्या वांग्याला कितीही नावं ठेवा, त्यामागे ही मेहनत असू शकते.

मग झाडाखाली लावायचं काय? पावसाळ्यात केना आपोआप उगवतो, त्याची निळी फुलं सकाळीच उमलून दुपारपर्यंत मिटतात. आपण त्याला तण म्हणून खुरप्याने काढतो, तो फक्त राहू द्यायचा. त्याच्या जोडीला पानओवा, एक फांदी खोचली की लागतो. मागच्या बाजूला अडुळसा. तो हिवाळ्यात फुलतो आणि शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. जिथे थोडं ऊन पोचतं तिथे तुळस. वाटेच्या कडेला काटेरी कोरांटी, म्हणजे शॉर्टकट मारणारेही सुधारतील! फक्त ती पिवळ्या फुलांची, नर्सरीवाले सर्रास देतात ती वेडेलिया नको. ती अमेरिकेतली, जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे.

'माश्या चावतील' ही भीती खरी आहे, पण ती आग्या मोहोळाची. एकट्या माशीला राखायला पोळं नसतं, त्यामुळे हातात पकडली नाही तर ती सहसा डंख मारत नाही. सुतार भुंग्याच्या नराला तर डंखच नसतो. सापाची काळजी असेल तर खोल्यांच्या भिंतीलगत दोन हात जागा मोकळी ठेवा आणि अडुळसा छाटत राहा. निळ्या पट्ट्यांची माशी जमिनीत बीळ करून अंडी घालते, तेव्हा कुठेतरी थोडी माती उघडी, फरशी न घातलेली असू द्या.

यात खर्च जवळजवळ नाही. रेक्टर सर आणि माळीमामांना एवढीच विनंती, या पावसाळ्यात एकाच कडुनिंबाखाली करून बघू. खड्डे आम्ही खणू. आणि पुढची कमिटी आली की त्यांना लॉनऐवजी वांग्याच्या फुलाची गोष्ट सांगू. बघा, पटतंय का!