आंध्रची राजधानी नेमकी कुठली?

क्विझमध्ये हा प्रश्न आला की आमच्या ग्रुपमध्ये हमखास वाद! १९५३ मध्ये मद्रासपासून वेगळ्या झालेल्या आंध्र राज्याची राजधानी होती कर्नूल. १९५६ मध्ये तेलंगण जोडलं गेलं आणि हैदराबादसारखं तयार शहर हाती आलं. पुढे सरकारी कचेऱ्या, आयटी, मोठ्या नोकऱ्या, बरंचसं तिथेच एकवटलं. त्यामुळे २०१४ मध्ये राज्याचे दोन तुकडे होऊन हैदराबाद तेलंगणकडे गेलं, तेव्हा आंध्रला ते भलतंच जड गेलं. दहा वर्षं संयुक्त राजधानी राहणार होती म्हणे, पण ती बरीचशी कागदावरच.

मग चंद्राबाबू नायडूंनी अमरावती आखली. आपली विदर्भातली नव्हे, कृष्णाकाठची. शेतकऱ्यांनी तीस हजारांहून जास्त एकर जमीन दिली, तीही नंतर मिळणाऱ्या विकसित प्लॉटच्या भरवशावर. २०१९ मध्ये सत्ता बदलली आणि जगन मोहन रेड्डींनी तीन राजधान्यांचा घाट घातला: विशाखापट्टणम, अमरावती, कर्नूल. सगळं एकाच शहरात नको, हा मुद्दा हैदराबादचा अनुभव बघता पटतो. पण जमीन देऊन बसलेल्यांनी काय करायचं? ते रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले. २०२२ मध्ये हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. २०२४ मध्ये नायडू परतले, कामं पुन्हा सुरू झाली. प्लॉटला किंमत मात्र शहर खरंच उभं राहिलं तरच.