फ्रीमाँटच्या नगर परिषदेस: 28 जून 1846 लपवू नका

माननीय महापौर आणि सदस्य,



मी या शहराची रहिवासी आणि मतदार आहे. माझ्यासारखी कितीतरी मराठी कुटुंबं इथे स्थिरावली, मुलं इथेच वाढली. ही मुलं कधीतरी विचारतातच, गावाला नाव कुणाचं? तेव्हा अर्धं उत्तर देऊन भागवणं मला पटत नाही, म्हणून हे पत्र.

1956 मध्ये पाच गावं मिळून हे शहर झालं आणि त्याला जॉन चार्ल्स फ्रीमाँट यांचं नाव मिळालं. पश्चिमेचे नकाशे करणारा लष्करी अधिकारी, 1856 मध्ये रिपब्लिकन पक्षाचा पहिला अध्यक्षपदाचा उमेदवार. 1861 मध्ये मिसुरीतल्या बंडखोरांचे गुलाम मुक्त झाल्याचं त्यांनी लिंकनच्याही आधी जाहीर केलं. हे मोठेपण मी मनापासून मान्य करते.

पण 28 जून 1846 ला सॅन राफेलजवळ काय झालं? मेक्सिकोशी युद्ध 13 मे रोजीच जाहीर झालं होतं, पण ती बातमी अजून कॅलिफोर्नियात पोचली नव्हती. सोनोमात मेक्सिकन सत्तेविरुद्ध उठलेल्या अमेरिकन बंडखोरांनी अस्वलाचा झेंडा उभारला होता आणि फ्रीमाँट त्यांच्या बाजूने उतरले होते. त्या दिवशी एका छोट्या होडीतून तिघे किनाऱ्यावर उतरले: वृद्ध होसे दे लोस रेयेस बेरेयेसा आणि फ्रान्सिस्को व रामोन दे आरो हे त्यांचे तरुण जुळे भाचे. बेरेयेसांचा मुलगा सोनोमाचा अल्काल्दे, म्हणजे नगरप्रमुख, होता. बंडखोरांनी त्याला कैदेत टाकलं होतं आणि बाप त्याची खबर घ्यायला निघाला होता. फ्रीमाँटच्या हाताखालच्या किट कार्सन आणि साथीदारांनी तिघांनाही गोळ्या घातल्या. जास्पर ओफॅरेल या प्रत्यक्षदर्शीने पुढे जाहीरपणे सांगितलं, की कैद करायचं का, असं कार्सनने विचारलं होतं आणि कैदी ठेवायला जागा नाही, असं फ्रीमाँटनी उत्तर दिलं. आधी बंडखोरांची दोन माणसं मारली गेली होती, त्याचा हा सूड, असा बचाव केला जातो. त्या खुनांशी या तिघांचा काय संबंध?

बेरेयेसा कुटुंबाची आठवण याहून जिव्हारी लागते. मारेकऱ्यांपैकी एक जण वडिलांची सरापे, म्हणजे अंगावरची शाल, पांघरून हिंडताना मुलाने पाहिला. आईला द्यायला ती परत मिळावी म्हणून त्याने विनवणी केली. शेवटी ती त्याला पैसे मोजून विकत घ्यावी लागली.

मग युद्ध संपवणारा 2 फेब्रुवारी 1848 चा ग्वादालूपे इदाल्गोचा तह झाला. दीड कोटी डॉलर देऊन अमेरिकेने कॅलिफोर्नियासह अफाट मुलूख घेतला. मेक्सिकन सरकारने दिलेल्या जमिनींना संरक्षण देणारं दहावं कलम सिनेटने तहातून काढून टाकलं. 1851 च्या कायद्याने जुन्या मालकांवरच मालकी सिद्ध करण्याचा भार टाकला. वर्षानुवर्षं खटले, वकिलांची देणी आणि शेवटी घराणी भूमिहीन. यात एक गोष्ट मला अस्वस्थ करते. फ्रीमाँटनी 1847 मध्ये अशीच एक मेक्सिकन जमीन विकत घेतली होती. लास मारिपोसास, सुमारे 44 हजार एकर. तिथे सोनं निघालं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मालकी मान्य केली.



शहराचं नाव बदला, असं माझं म्हणणं नाही. आज आपल्या वॉर्म स्प्रिंग्जहून बार्ट रेल्वेने दक्षिणेला निघालं की शेवटचं स्टेशन लागतं बेरिएसा. त्याच घराण्याचं नाव. रोज त्या गाडीने जाणाऱ्या किती जणांना हा धागा माहीत असेल?

माझी मागणी एवढीच: जिथे जिथे शहर फ्रीमाँट यांची ओळख करून देतं, तिथे या तिघांची नावं आणि तो दिवस लिहावा. दरवर्षी जूनमधल्या एका सभेत ती वाचावीत आणि बेरेयेसा व दे आरो घराण्यांच्या वंशजांना सन्मानाने बोलवावं. हा विषय पुढच्या विषयपत्रिकेवर घ्या. बोलायला मी येईन.

आपली,
फ्रीमाँटची एक रहिवासी